त्याच भोंग्यातून

पारशिवनी
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

लहानूभाऊ,

तुम्हाला मी आजवर कधी पत्र लिहिले नाही. परवा फोन लावला तो तुमच्या मुलीने, उन्नतीने उचलला. कारखान्यातल्या प्रेस मशीनने बाबांचे कान गेले, फोनवर काहीच ऐकू येत नाही, असे ती म्हणाली. निरोप तिने तुम्हाला लिहून दाखवला असेलच. तरी एवढी मोठी गोष्ट दुसऱ्याच्या चार ओळींवर सोडावी, हे मनाला पटले नाही. क्लबच्या भैयाजींकडून पत्ता घेतला आणि लिहायला बसलो.

आपला कवडू गेला. शुक्रवारी सकाळी नंदनवनच्या मैदानावर चुन्याच्या रेषा ओढत होता, रविवारी पोरांची फुटबॉलची मॅच होती. अर्धी रेषा झाली आणि चुन्याचा डबा हातात धरूनच तो खाली बसला. लोकांना वाटले, दम लागला असेल. दवाखान्यात नेले तोवर सगळे संपले होते. वय एक्कावन्न. खेळ सोडून पंधरा वर्षे झाली, तरी रोज मैदानाला पाच चकरा मारायचा. अशा माणसाचे असे होईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

अंत्यविधीला गंगाबाई घाटावर माणूस मावत नव्हता. नंदनवनातल्या ऑटोवाल्यांनी दिवसभर ऑटो बंद ठेवले. चंपतराव पानठेलेवाल्याने तर डोके केले, पार मुंडन. नात्याचा ना गोत्याचा. कवडूचा मुलगा आयुष त्याला अडवू लागला, तर म्हणाला, "तुह्या बापानं मले सत्त्याण्णवच्या फायनलमंदी जे दाखवलं, ते माह्या बापानंबी जलमभर दाखवलं नाही." लोक रडता रडता हसले. अग्नी दिला तेव्हा मागून कोणीतरी ओरडले, "कवडू! कवडू! नंदनवनाचा कवडू!" आणि सगळा घाट ओरडू लागला.

ते शब्द माझे, लहानूभाऊ. तेव्हा मी एकवीस वर्षांचा, पारशिवनीहून येऊन नंदनवनात साउंड सर्व्हिसवर भोंगे बांधायला होतो. फायनलच्या दिवशी नेहमीच्या माइकवाल्याचा घसा बसला आणि भैयाजींनी माइक माझ्या हातात दिला. खेळाडूंच्या नंबरांचा कागद मांडीवर घेऊन मी बसलो होतो. कामठीचा संघ, शेवटचे मिनिट, तो गोल, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालेले ते तीनदा नाव. मॅच दोन हजारांनी पाहिली असेल, पण आज मी होतो म्हणणारे वीस हजार आहेत. सगळ्यांना गोलापेक्षा नाव जास्त आठवते.

भैयाजी अजून क्लबचे सेक्रेटरी आहेत. त्यांनी रविवारी, २३ तारखेला, मैदानावर शोकसभा ठेवली आहे. त्यांचे म्हणणे, मारोतराव, तुम्ही तीच अनाउन्समेंट जशीच्या तशी करा, तीच खरी श्रद्धांजली. मी हो म्हणालो. साउंड सर्व्हिसच्या मालकाने धंदा बंद केला तेव्हा तो माइक आणि तो भोंगा मी विकत घेतला होता. इथल्या मारोतीच्या देवळावर रोज संध्याकाळी त्यातून हरिपाठ होतो. तोच उतरवून नेईन.

तुम्ही यावे. पुढच्या रांगेत बसावे. मी तेव्हा आधी "लहानूचा पास" असेही म्हणालो होतो, ते लोक विसरले. या वेळी तुमचे नाव चांगले जोरात घेईन.

तुमचा,
मारोतराव भोयर

*

कळमेश्वर
८ फेब्रुवारी

मारोतराव,

पत्र भेटलं. उन्नतीनं त्याच दिवशी वहीवर लिहून दाखवलं होतं. ते वाचून मी ड्युटीवर गेलो. दुसरं काय करणार.

मी शोकसभेले येत नाही. आयकू तर येत नाही, मग बसून करू काय. लोकं बोलतील आणि मी त्यांची तोंडं पाहत राहीन.

माझं नाव घेऊ नका. मी पास दिला नव्हता. माइकवरून चुकीचं बोलू नका, एवढी विनंती आहे.

एक विचारतो. मागच्या उन्हाळ्यात कवडू तुमच्याकडे पारशिवनीले आला होता का? दिवाळीले डबा देताना उन्नतीजवळ तसं बोलला म्हणे. आला असन तर काय बोलला ते लिहा. काही बोलला नसन तर तेही लिहा.

लहानू वाघाडे

*

पारशिवनी
बुधवार, १२ फेब्रुवारी

लहानूभाऊ,

तुमचे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा, खोटे कशाला बोलू, थोडा राग आला. वाटले, मेलेल्या माणसाचाही याला हेवा आहे, पास दिला तेवढेसुद्धा कबूल करवत नाही. आता त्या विचाराची लाज वाटते. तुम्ही विचारले त्याचे उत्तर देतो.

हो, कवडू आला होता. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मोटारसायकलवर, डोक्याला दुपट्टा बांधून. मी देवळावर भोंग्याची वायर बदलत होतो. खाली उभा राहून त्याने विचारले, "काहून मारोतराव, सत्त्याण्णवचाच भोंगा होय का गा?" मी वरूनच म्हटले, तोच आहे, आवाज अजून तसाच आहे. तो बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला.

मग ओसरीवर बसलो. पाणी पिऊन तो म्हणाला, "माइकवरून बोललेलं वापस घेता येते का?"

मला वाटले, त्याची मस्करी चालली आहे. मी म्हटले, "तशी मशीन अजून निघाली नाही गा." तो हसला. मीही हसलो. माझ्या सौभाग्यवतीने चहा आणला, तो चहा त्याने बशीत ओतून थंड होऊ दिला आणि प्यायलाच नाही. जाताना देवळात गेला, मारोतीसमोर हात जोडून उभा राहिला. मी बाहेर चप्पल घालून ताटकळलो होतो, कारण मला वायरचे काम संपवायचे होते. निघताना त्याने डिक्कीतून एक पिशवी काढली. म्हणाला, "हे लहानूले द्याजो. माह्या हातून तो घेत नाही." मी ती फडताळावर ठेवली. कळमेश्वरला जाणे झाले नाही. नंतर विसरलो.

काल तुमचे पत्र आल्यावर पिशवी काढली. आत आपल्या क्लबची जुनी निळी जर्सी आहे. मला वाटले, कवडूचा नऊ नंबर असेल. उलटून पाहिली तर अकरा. अकरा तुमचा नंबर. गळ्याशी आतून काळ्या शाईने काही लिहिलेले आहे, धुऊन धुऊन पुसट झाले आहे: "फायनल. दुसरा हाफ."

तुमची जर्सी त्याच्याकडे कशी, लहानूभाऊ? मांडव मैदानाच्या पूर्वेला होता. मावळता सूर्य माझ्या डोळ्यांवर, धूळ उठलेली, आणि तुम्ही दोघे एका अंगकाठीचे. मला चेहरे दिसत नव्हते, पाठीवरचे आकडे दिसत होते. आकडा पाहायचा आणि मांडीवरच्या कागदावरचे नाव वाचायचे, एवढेच मी करत होतो. अकराने पास दिला, नऊने गोल मारला. हे मी आजही शपथेवर सांगेन.

पण दुसऱ्या हाफमध्ये नऊ नंबर कोणाच्या अंगात होता?

काल संध्याकाळी मी हरिपाठ लावला नाही. भोंगा बिघडला असे लोकांना सांगितले.

मारोतराव

*

कळमेश्वर
१६ फेब्रुवारी

मारोतराव,

तुम्ही विचारलं म्हणून लिहितो. अठ्ठावीस वर्षं झाली, कोणाले लिहून दिलं नाही.

पहिल्या हाफमधी मी तीन गोल चुकवले. तिसरा तर असा की गोलकीपर पडलेला, समोर उघडं गोल, आणि मी बाहेर मारला. हाफटाइमले मी लिंबाखाली तोंड लपवून बसलो होतो. कवडू आला. त्याची आई त्याच्या जर्सीले मारोतीचा शेंदूर लावून देत होती, आतून, छातीजवळ, हे तुम्हाले माहीत असन. त्यानं जर्सी काढली, म्हणे, "काढ तुझी. माझी घाल. आज तुझा दिवस फिरवून पाहू." मी म्हटलं, भैयाजी ओरडन. तो म्हणे, "भैयाजीले काय समजते बे, त्यानं कधी बॉल तरी पाह्यला काय जवळून?" तशी आम्ही अदलाबदली केली. कागदावर नाव बदलायचं असते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

शेवटच्या मिनिटाले त्यानं डावीकडून पास दिला. तसा पास मले पुन्हा कोणी दिला नाही. धावता धावता पायाखाली येऊन थांबला, जसा कोणी हातानं ठेवला. मले फक्त मारायचा होता. मी मारला.

आणि भोंग्यातून कवडूचं नाव आलं.

पोरं धावली. त्यायले भोंगा सांगते तेच खरं. त्यायनं कवडूले उचललं, आणि उचलणाऱ्यात मीही होतो, मारोतराव. तो माझ्याच खांद्यावर बसला होता. खाली वाकून म्हणे, "लहानू, उतरव मले, त्यायले सांगू दे." मी म्हटलं, "बस ना बे." तेव्हा मले खरंच काही वाटत नव्हतं. आपण जिंकलो, एवढंच. दुसऱ्या दिवशी पेपरात नाव पाह्यलं तेव्हा टोचलं.

मांडवात बाहेरून आलेले निवडवाले बसले होते. त्यायनं नऊ नंबर लिहून घेतला. कवडू भैयाजीकडे गेला, सगळं सांगितलं. भैयाजी म्हणे, नाव लागलं ते लागलं, आता खोडलं तर दोघंही जाल आणि क्लबचं हसं होईन. कवडू गेला मोठ्या टीममधी. चांगला खेळला, तो होताच तसा, माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी मानतो. त्याले खेळावर नोकरी लागली. मी इथं प्रेसवर लागलो.

तो दरसाली दिवाळीले माझ्या घरी येत होता. मी दोनदा बोललो, मग बोलणं सोडलं. एका दिवाळीले मी त्याले दारातच सांगितलं, "ज्या भोंग्यातून गेलं त्याच भोंग्यातून वापस येऊ दे. मग तुझ्यासंग बोलीन." त्यानंतर तो दारापर्यंत येत होता आणि उन्नतीच्या हातात फराळाचा डबा देऊन जात होता. मी आतून त्याच्या मोटारसायकलचा आवाज आयकत होतो. मग कान गेले. मग तो आला कधी आणि गेला कधी हेही समजत नव्हतं. डबा दिसला की समजत होतं.

विचार करा, मारोतराव. भोंग्यातून नाव आलं असतं तरी मले आयकू आलं नसतं. सात वर्षं झाली, मले फटाकाही आयकू येत नाही. तरी मी तीच अट धरून बसलो. आणि तो माणूस माझी अट घेऊन तुमच्या ओसरीवर येऊन बसला. तुम्ही हसले म्हणून तुमच्यावर राग नाही. मी तर त्याले दारातही बसू दिलं नाही.

आता सांगू नका. प्रेमलता वहिनी आणि आयुष समोर बसतील. चंपतरावनं डोकं केलं म्हणता. मेलेल्या माणसाच्या हातातून काढून घेतलेलं मले नको. तुम्ही त्याचंच नाव घ्या, तीनदा घ्या, जोरात घ्या.

लहानू

*

पारशिवनी
गुरुवार, २० फेब्रुवारी

लहानूभाऊ,

टपालाने हे पत्र रविवारच्या आत पोचणार नाही, म्हणून कळमेश्वरला जाणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या हाती देतो. सोबत पिशवी आहे. दहा महिने उशीर झाला आहे, तेवढा पदरात घ्या.

तुमचे पत्र वाचून मी रात्रभर तळमळलो आणि काल नंदनवनला गेलो. आधी भैयाजींकडे. त्यांना सगळे आठवते. डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "मारोतराव, लोकं रडाले येऊन राहिले. त्यायले रडू द्या. हिशोब तपासाले कोणी येत नाही." त्यांचेही खोटे नाही. चंपतराव माझ्यासमोर मुंडन केलेल्या डोक्यावरून हात फिरवत होता. त्याच्या ठेल्यावर कवडूचा फोटो लागला आहे, खाली माझेच शब्द.

मग कवडूच्या घरी गेलो. प्रेमलता वहिनींना कसे विचारावे हे मला सुचत नव्हते. इकडचे तिकडचे बोलत राहिलो. शेवटी त्यांनीच विचारले, "तुम्ही लहानू भाऊजीचं बोलाले आले ना?" त्यांना लग्नापासून माहीत आहे. म्हणाल्या, "गोलाचं नाव निघालं की ते मान खाली घालत. लोकं म्हणत, किती साधा माणूस आहे, कौतुक केलं की लाजते. लाजत नव्हते हो ते."

हे मीही किती वेळा पाहिले होते. सत्कारात, गणपतीत, लोकांच्या लग्नांत. माइक माझ्याच हातात असायचा आणि मी म्हणायचो, पाहा, एवढा मोठा खेळाडू पण मान वर करत नाही. लोक टाळ्या वाजवायचे. अठ्ठावीस वर्षे मी त्याला त्याच खांद्यावर बसवून ठेवले, आणि तो उतरव म्हणत राहिला.

वहिनींना मी विचारले, काय करू. त्या म्हणाल्या, "मी कोण सांगणारी. पण ते आता मान खाली घालू शकत नाहीत. फोटोत समोरच पाहून राहिले."

तुम्ही सांगू नका म्हणता. भैयाजीही तेच म्हणतात. आज पहाटे देवळात गेलो तर मारोतीसमोर मला नेहमीसारखे काही मागता आले नाही. देवाचे नाव मी ज्या माइकवरून रोज घेतो, त्याच माइकवरून माणसाचे नाव चुकवले, आणि चूक दुरुस्त करायला तो माणूस स्वतः दारी आला तर मला वायर बदलायची घाई होती.

रविवारी मी काय बोलेन ते मला आत्ता माहीत नाही. उभा राहीन तेव्हा कळेल. तुम्ही मात्र या. पाच वाजता.

मारोतराव

*

कळमेश्वर
मंगळवार, २५ फेब्रुवारी

मारोतराव,

मी आलो होतो. तुम्ही मले पाह्यलं, हे मले माहीत आहे, पण आपलं बोलणं झालं नाही. गर्दी फार होती आणि उन्नतीले शेवटची बस धरायची होती. म्हणून लिहितो.

आम्ही पुढं बसलो नाही. उत्तरेकडच्या गोलजवळ उभे होतो, जिथं तो गोल झाला. कवडूनं ओढलेली अर्धी रेषा अजून आहे. कोणी पुसली नाही आणि कोणी पूर्ण केली नाही. लोकं तिच्यावर पाय न देता चालत होते. जर्सी मी पिशवीतच ठेवली होती. आतून शेंदूर दिसला नाही, मग आठवलं, शेंदूर नऊ नंबरले होता. तो माझ्या छातीले लागला होता.

खूप लोकं बोलले. मले काहीच समजलं नाही. मग तुम्ही उठले. भोंगा लिंबाच्या फांदीवर बांधला होता, तोच, चंदेरी रंगाचा. लोकायनं आधीच तोंडं उघडली. तीनदा उघडली, तीनदा मिटली. मले आवाज लागत नाही, ते तीन वेळचं मले पाठ आहे. तुम्ही हात वर केला. तोंडं तशीच राहून गेली.

मग तुम्ही बराच वेळ बोलले. मी तुमच्या ओठायकडे पाहत होतो. उन्नती माझ्या हातावर लिहीत होती, पण मधीच तिचं बोट थांबलं. मी तिच्याकडे पाह्यलं तर ती रडून राहिली होती. पुन्हा तुमच्याकडे पाह्यलं, तेव्हा 'ल' म्हणताना लागते तशी तुमची जीभ दाताले लागली. तीनदा. आणि पुढची रांग मागं वळली, मग तिच्या मागची, मग सगळं मैदान.

लोकायचे चेहरे कसे होते ते तुम्ही माइकवरून पाह्यले नसतील, त्यायच्या पाठी तुमच्याकडे होत्या. मी पाह्यले. सगळे काही खुश नव्हते. काही असे पाहत होते जसं मी मयताच्या अंगावरचं काही ओढून घेतलं. भैयाजी उठून गेले. चंपतराव माझ्याजवळ आला, एकदम तोंडासमोर, काहीतरी म्हणाला. शिवी होती का काय होतं, समजलं नाही. उन्नतीले विचारलं तर सांगत नाही. पण मग त्यानं माझा दंड धरला आणि गर्दीतून पुढं घेऊन गेला, फोटोपर्यंत. प्रेमलता वहिनी सरकून बसल्या.

फोटोत तो खरंच समोर पाहून राहिला.

माझी अट होती, मारोतराव. त्याच भोंग्यातून येऊ दे, मग तुझ्यासंग बोलीन. भोंग्यातून तर आलं. मग मले बोलणं भाग होतं. मी पिशवीतून अकरा नंबर काढला, फोटोसमोर ठेवला आणि बोललो. म्हटलं, "पास तुझा होता बे."

एवढंच बोललो. मले माझा आवाज आयकू येत नाही. घरी उन्नती म्हणते की मी कधी पुटपुटतो तर कधी ओरडतो, मले फरक समजत नाही. तिथं लोकं माझ्याकडे पाहत होते, पण त्यायच्या तोंडावरून काही पत्ता लागला नाही.

तुम्ही माइकजवळच उभे होते. किती जोरात बोललो ते मले कळवा.

लहानू